मागच्या ओळीची वीज

फॉर्म आठ पानांचा होता, आणि पहिल्या सहा पानांत मावशींना भिण्यासारखं काही दिसलं नाही.

इमारत कोणत्या साली बांधली, मजले किती, भिंती कशाच्या, छपरावर काय, खिडक्या किती आणि कोणत्या दिशेला, काच एकेरी की दुहेरी, पाणी कशावर तापतं, खोल्या किती, खाटा किती. सगळी उत्तरं त्यांच्या जिभेवर होती. जिनं एकाच वसतिगृहात, आधी मदतनीस नि मग रेक्टर म्हणून, चौतीस वर्षं काढली, तिला त्या इमारतीबद्दल विचारणं म्हणजे आईला लेकराच्या अंगावरचे तीळ विचारणं. खिडक्या एकशे बत्तीस, त्यांनी मान वर न करता सांगितलं. त्यांतल्या पाच नीट लागत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची शेवटून दुसरी तर एका मुलीनं फटीत कंगवा अडकवला तेव्हापासून लागत नाही, आणि त्या मुलीची मुलगी आता शिकून नोकरीला लागली.

"कंगवा लिहू?" मोजणाऱ्यानं विचारलं.

"लिहा की. खरंच आहे ते."

त्यानं 'हवा आत येते' एवढंच लिहिलं.

मोजायला आलेला हा माणूस संस्थेच्या मुख्य कचेरीतला. पन्नाशीला टेकलेला, एका गुडघ्यानं अधू, जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीला हात लावून थांबणारा. त्याच्याजवळ एक छोटं यंत्र होतं. ते भिंतीवर धरलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटे आणि अंतर कळे. एवढं अद्ययावत यंत्र असूनही मुलींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'फूटपट्टी' ठेवलं. ते त्याच्या कानावर गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी जिन्यात खिदळणाऱ्या दोघींना त्यानं गंभीरपणे सांगितलं, की फूटपट्टी बारा इंचाची असते, आपण पाच फूट सात आहोत.

त्याचं काम त्यानं मावशींना नीट समजावून सांगितलं होतं. संस्थेची सतरा वसतिगृहं. प्रत्येकात वर्षाला वीज किती जळते, आणि इमारतीच्या आकाराच्या नि आतल्या माणसांच्या मानानं ती जास्त की कमी, हे काढायचं. मग सतरांची एक ओळ लावायची, सगळ्यांत शहाणी इमारत पुढे, सगळ्यांत उधळी मागे. कचेरीत याला बेंचमार्किंग म्हणतात. ओळीतल्या शेवटच्या तीन इमारती पुढच्या वर्षी बंद होणार आणि तिथल्या मुली नव्या अकरा मजली इमारतीत जाणार. त्या इमारतीची दारं कार्ड लावल्याशिवाय उघडत नाहीत, आणि सुट्टी लागली की कार्डं आपोआप मरतात.

भिंतीची जाडी मोजताना मावशींनी त्याला खिडकीचा कट्टा दाखवला. पाय पोटाशी घेऊन बसलं तर अख्खी मुलगी त्यात मावते. परीक्षेच्या दिवसांत मागच्या बागेतून पाहिलं की प्रत्येक खिडकीत एकेक मुलगी पुस्तक घेऊन बसलेली दिसे. पूर्वी तर खाली तांब्याचा मोठा बंब होता, पहाटेपासून त्याचा धूर वर जाई, आणि कट्ट्यावर बसलेल्या मुली धुराला नावं ठेवत तिथेच बसत, कारण त्या धुरात ऊब असे. बंब गेला, बॉयलर आला, बॉयलर गेला आणि मजल्यामजल्यावर गिझर लागले. मावशींना सगळ्यांची सालं पाठ होती. फूटपट्टीनं भिंतीसमोर 'शेहेचाळीस सेंटिमीटर' लिहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, आता कुणी अशा बांधत नाही.

सातव्या पानावर मात्र प्रश्न आला. वर्षातले किती दिवस इमारतीत माणसं राहतात? सुट्टीच्या काळात वापर आहे की नाही?

"नाही," मावशी म्हणाल्या. "सुट्टीत कुलूप." आणि चहा टाकायला उठल्या.

चहा टाकताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण साखरेऐवजी मिठाच्या डब्यात चमचा घातला आहे.

*

सुट्टीत कुलूप असे, हे खोटं नव्हतं. पुढच्या दाराला असे.

मावशी नोकरीला लागल्या तेव्हा वसतिगृह मोठ्या बाईंच्या हाताखाली होतं. मोठ्या बाई म्हणजे उंच, किडकिडीत, चालताना किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून तो मुठीत धरणाऱ्या. त्यांच्या राज्यातली मावशींची ती पहिलीच मोठी सुट्टी. सगळ्या मुली गेल्या, खोल्यांना कुलपं लागली, आणि एक मुलगी फाटकाशी आपल्या ट्रंकेवर बसून राहिली. कुणीतरी न्यायला येणार आहे, म्हणाली. दुपार झाली, ऊन उतरलं, कुणी आलं नाही. येणारही नव्हतं, हे तिला सकाळपासून माहीत होतं. तिला कुणी नव्हतं असं नाही. जे होते त्यांच्याकडे तिला जायचं नव्हतं. मावशींनी घाबरत मोठ्या बाईंना विचारलं, की नियमाप्रमाणे आता काय करायचं.

मोठ्या बाईंनी ट्रंकेचा एक कान स्वतः उचलला. "कुलूप पुढच्या दाराला लावायचं असं नियमात आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या दाराबद्दल नियमात काही नाही. धर दुसरी बाजू."

तेव्हापासून मागची ओळ सुरू झाली. तळमजल्यावर, इमारतीच्या पाठीला सात बुटक्या खोल्या होत्या. बांधताना त्या नोकरमाणसांसाठी काढल्या होत्या. त्यांच्या खिडक्या धोबीघराच्या भिंतीकडे उघडत, त्यामुळे आतला दिवा रस्त्यावरून दिसत नसे. दर सुट्टीत त्या खोल्यांतून कधी चार मुली असत, कधी नऊ, एका वर्षी तर पंधरा झाल्या आणि खाली गाद्या टाकाव्या लागल्या. मोठ्या बाई गेल्या, तेव्हा जुडग्याबरोबर ही रीतही मावशींच्या हाती आली. कुठे नोंद नव्हती. नोंद होती ती मावशींच्या डोक्यात. कोण कुठल्या खोलीत होती, कोणाला भिंतीकडे तोंड करून झोपायची सवय होती, कोण दोन महिन्यांत चार वाक्यं बोलली आणि जाताना उंबऱ्याला हात लावून गेली.

कारण कधी विचारायचं नाही, एवढा एकच नियम होता. मुलीनं सांगितलं तर ऐकायचं. या वर्षी ज्या अकरा होत्या, त्यांतली एक चष्मेवाली. तिच्या घरी तिच्या खोलीला आतून कडी नव्हती, एवढंच तिनं पहिल्या सुट्टीत सांगितलं होतं. मावशींनी पुढचं विचारलं नव्हतं. मागच्या ओळीतल्या सातही दारांना आतून कडी होती. तिला कोपऱ्यातली खोली दिली, तेव्हा पहिल्या दिवशी तासभर त्या कडीचाच आवाज येत होता. लावली, काढली. लावली, काढली. शेजारच्या मुलीनं तक्रार केली तेव्हा मावशी म्हणाल्या, वाजवू दे गं, तिचं तंबोरा जुळवणं चाललंय.

*

आठ दिवसांनी फूटपट्टी परत आला. मावशींच्या खोलीत बसला, अधू पाय लांब केला आणि पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. कागदावर एक रेघ होती, करवतीच्या दात्यांसारखी वरखाली.

"बाई, हे गेल्या मोठ्या सुट्टीचे छप्पन्न दिवस. नवीन मीटर दर अर्ध्या तासाला नोंद करतो. इमारत बंद असेल तर ही रेघ जमिनीला टेकून सरळ जायला हवी."

मावशींनी चष्मा लावून रेघेकडे बघितलं. त्यांना वाचता येत होतं ते सगळं. सकाळी साडेसहाला रेघ वर चढत होती, तो गिझर. साडेसातला थोडी उतरत होती. संध्याकाळी सातला पुन्हा एक उंचवटा, ती शेगडी. चौतीस वर्षं पडदे ओढून जे लपवलं, ते या कागदावर उघडं पडलं होतं.

"जुनी इमारत आहे," त्या म्हणाल्या. "वायरी जुन्या. कुठेतरी गळत असेल."

"गळती घड्याळ बघून होत नाही, बाई." तो अगदी हळू बोलला. "आणि ही गळती रविवारी तासभर उशिरा उठते. एका रविवारी तर दुपारी इस्त्री केलेली दिसते."

मावशींना हसू आलं. इस्त्रीच्या दुसऱ्या दिवशी दोन मुलींना मुलाखतीला जायचं होतं.

फूटपट्टी म्हणाला, की आपण पोलीस नाही. आपल्याला फक्त आकडा जुळवायचा आहे. त्यापुढे दोनच वाटा आहेत. एक, इमारत रिकामी असताना एवढी वीज जाते असं लिहायचं. मग हिशेब असा होईल, की हिचं सगळं अंग सडलं आहे, आणि ती शेवटच्या तिनांत जाणार यात शंका नाही. दुसरी वाट, सुट्टीत माणसं राहतात असं लिहायचं आणि किती ते सांगायचं. मग तीच वीज माणशी वाटली जाईल. त्यानं मनाशी अंदाज केला होता. जाड भिंती, लहान खोल्या, काटकसरीच्या मुली. माणशी काढलं तर ही इमारत सतरांत फार वर येईल.

"नावं?" मावशींनी विचारलं.

"नावं नकोत. फॉर्मला नावं लागतच नाहीत. संख्या आणि दिवस."

मावशींनी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत त्या एकाच माणसाशी बोलल्या. वायरमन त्यांच्याबरोबर सव्वीस वर्षं त्या इमारतीत होता. मागच्या ओळीचा गिझर वेगळ्या बटणावर घेण्याची युक्ती त्याचीच. तो धोबीघरामागे पंख्याचं पातं पुसत बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं सरळ सांगितलं, ताई, बोलू नका. आजवर तोंडं मिटून होतो म्हणून चाललं. मावशी म्हणाल्या, न बोलून इमारतच गेली तर मागची ओळ कुठून राहील? वायरमन म्हणाला, आणि बोलून? मावशींनी त्यावरही विचार केला होता. बोललं तर आपल्याला झापतील, फार तर काढतील. वय तसंही उलटून गेलं आहे, दरवर्षी मुदत वाढवून घेऊन आपण इथे आहोत. आपण जाऊ, दुसरी कुणी येईल. इमारत राहिली तर तिला मागचं दार दाखवता येईल.

वायरमन पातं पुसत राहिला. "झापायला त्यांना माणूस तरी दिसेल का, ताई? आकडाच दिसेल." एवढंच म्हणाला.

त्या बोलण्याचा अर्थ मावशींना तेव्हा लागला नाही. चूक झाली ती तिथेच, असं त्या पुढे कितीतरी वेळा स्वतःशी म्हणाल्या. त्यांचं आयुष्य स्वयंपाकघराच्या दारात गेलेलं. 'किती जणी आहेत?' हा प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकला तो पानं मांडणाऱ्या बाईच्या तोंडून. जो माणसं मोजतो तो त्यांच्यासाठी काहीतरी मांडणार असतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. मोजून बाहेर काढायचीही एक रीत असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फूटपट्टी आला. त्यांनी सांगितलं, "अकरा."

त्यानं सातव्या पानावर आधीचं 'नाही' खोडून 'आहे' केलं. त्यापुढे ११ लिहिलं. मग दिवस विचारले. मावशींनी मोठ्या सुट्टीचे छप्पन्न आणि धाकट्या सुट्टीचे एकवीस सांगितले. एकदा सांगायला लागल्यावर त्यांना थांबवेना. मागच्या वर्षी नऊ होत्या, त्याआधी बारा, पंधरा झाल्या ते साल, ट्रंकेवर बसलेली ती पहिली मुलगी. तो पेन टेबलावर ठेवून ऐकत राहिला. लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं, फॉर्म एकाच वर्षाचा होता. पण चहा संपेपर्यंत तो उठला नाही.

*

निकाल तीन महिन्यांनी आला. सतरांत दुसरा नंबर.

लखोट्यात दोन कागद होते. पहिला जाड, कडेला सोनेरी रेघ असलेला, भिंतीवर लावण्यासारखा. मुलींनी तो हातोहात नेला, जेवणघरात खुर्चीवर चढून लावला, तिरका लागला म्हणून काढून पुन्हा लावला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुली म्हणाल्या, आम्ही थंड पाण्यानं तोंडं धुतली त्याचं हे फळ. खालच्या म्हणाल्या, तुम्ही तोंडं धुता हीच बातमी आहे. चष्मेवाली हसत नसे फारशी, पण त्या दिवशी ती मावशींच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपली इमारत राहिली ना?" मावशी म्हणाल्या, राहिली. त्या दिवशी त्यांना अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मागची ओळ कुणाला उघड सांगितली होती, आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

दुसरा कागद त्यांनी संध्याकाळी वाचला. तो साधा, टंकलेला होता. इमारतीची स्थिती उत्तम. भिंतींमुळे आत ऊब टिकते. मात्र सुट्टीच्या काळातला वापर टाळण्याजोगा असून तो पूर्ण बंद केल्यास इमारत पहिल्या क्रमांकावर येऊ शकते. त्यासाठी पुढील सुट्टीपासून मेन स्विचला सील लावावं. तळमजल्यावरच्या मागील सात खोल्यांचा उपयोग जुनं सामान ठेवण्यासाठी करावा.

त्यांनी तो कागद तीनदा वाचला. मग जेवणघरात जाऊन सोनेरी रेघेचा कागद वाचला. दोन्हींवर सही एकाच माणसाची होती, सेक्रेटरींची.

दुसऱ्या दिवशी त्या मुख्य कचेरीत गेल्या. संस्थेचे सेक्रेटरी वयानं त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला मऊ. त्यांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं. मावशी मनाशी झापून घ्यायच्या तयारीनं आल्या होत्या. नियम मोडल्याबद्दल ते बोलतील, मग आपण बोलू, मोठ्या बाईंचं सांगू, एकेका मुलीचं सांगू. पण ते बोलेचनात. त्यांनी उलट कौतुक केलं. इतक्या जुन्या इमारतीचा दुसरा नंबर म्हणजे गंमत नाही, म्हणाले. बाकीच्या वसतिगृहांत काचा बदलायच्या आहेत, छपरं बदलायची आहेत, तुमच्याकडे नुसतं एक बटण खाली केलं की झालं.

"साहेब, त्या खोल्यांत मुली असतात," मावशी म्हणाल्या.

"हो, वाचलं मी. अकरा. त्याबद्दल तुमच्यावर कुणाचाही राग नाही, मावशी. इतकी वर्षं तुम्ही केलंत, खूप केलंत."

"मग त्यांनी कुठे जायचं?"

सेक्रेटरींना प्रश्न खरोखर समजला नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "घरी," ते म्हणाले. "सुट्टी आहे ना."

भांडणारा माणूस असता तर मावशी भांडल्या असत्या. इथे समोर भिंत नव्हतीच, नुसती मऊ गादी होती. हात मारावा तिथे आत जात होता. उठताना सेक्रेटरींनी आणखी एक सांगितलं. या वर्षीपासून कुणाचीच मुदत वाढवायची नाही असं ठरलं आहे. तुम्हीही आता आराम करा.

जिन्याखाली फूटपट्टी भेटला. त्याला सगळं माहीत होतं. तो भिंतीला हात लावून उभा राहिला आणि पायाकडे बघत म्हणाला, "मी खाली टीप लिहिली होती, बाई. की यांना दुसरीकडे सोय नाही. छापताना टिपा गाळतात."

मावशींना त्याचा राग यायला हवा होता. त्यांनी फक्त त्याला गुडघ्याला शेकत जा म्हणून सांगितलं.

*

सुट्टी लागायच्या आधी मुलींना सांगावं लागलं. मावशींनी मागच्या ओळीतल्या अकरा जणींना आपल्या खोलीत बोलावलं. कुणी रडलं नाही. रडणाऱ्या मुली सहसा मागच्या ओळीत येत नसत. एकीनं विचारलं, मेणबत्त्या लावून राहिलो तर? वीज लागणारच नाही. मावशी म्हणाल्या, खोल्यांना बाहेरून कुलपं लागणार आहेत. मग सगळ्या आपापल्या मनात कुठे कुठे कोण आहे ते चाचपायला लागल्या.

चौघींनी मैत्रिणींच्या घरी जागा बघितली, दर आठवड्याला एकेका घरी. दोघींनी एका दुकानात काम धरलं, तिथे माळ्यावर झोपता येत होतं. एकीनं शिक्षण सोडलं. एकीनं गेली दोन वर्षं नाही म्हटलेल्या स्थळाला हो म्हटलं. दोघी कुठे गेल्या ते मावशींना कळलं नाही. चौतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. चष्मेवाली म्हणाली, माझं बघते मी, मावशी, तुम्ही नका काळजी करू. ही मुलगी खोटं बोलली की चष्मा पुसते, आणि ती तेव्हा चष्मा पुसत होती.

सील लावायला वायरमनच आला, दुसऱ्या कुणाला त्या बोर्डाची माहिती नव्हती. त्यानं स्विच खाली ओढला, तार ओवली, शिशाची गोळी पकडीत दाबली. मावशी शेजारी उभ्या होत्या. एक लाइन सोडता येत नाही का, असं त्यांनी विचारलं नाही. तरी त्यानंच उत्तर दिलं. आता मीटर कचेरीतल्या पडद्यावर दिसतो, ताई. एक बल्ब लावला तरी रेघ हलेल.

मग तो मागच्या ओळीत गेला. सामानाच्या खोल्यांना आतून कड्या कशाला, म्हणून सुताराला त्या काढून बाहेरच्या नव्या कोयंड्यांसाठी वापरायला सांगितलं होतं. वायरमननं कोपऱ्यातल्या खोलीची कडी स्क्रूंसकट एका फडक्यात बांधली आणि मावशींच्या पिशवीत टाकली. "एक कमी पडली म्हणून सांगेन," म्हणाला. एवढीच काय ती चोरी त्यानं आयुष्यात केली असेल.

*

मावशी धाकट्या भावाकडे राहायला आल्या. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या पॅसेजमध्ये मावशींची खाट. पॅसेजला दार नव्हतं, त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस न्हाणीघराकडे जाताना त्यांच्या पायथ्याशी किंचित तिरकं होऊन जाई. भावजय वाईट नव्हती. तिनं खाटेखालची आपली दोन ट्रंकांएवढी जागा रिकामी करून दिली होती, आणि वन्संना चहा आधी मिळावा म्हणून ती स्वतः उशिरा घेई. पण घर म्हणजे भरलेला डबाच. एक गोष्ट आत घालायची तर दुसरी बाहेर काढावी लागे.

सुट्टीच्या चौथ्या दिवशी दुपारी चष्मेवाली आली. हातात कपड्यांची बॅग, बॅगेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. भावजयीनं तिला पाणी दिलं, खाटेवर बसायला सांगितलं आणि मग हळूच, अगदी चांगल्या शब्दांत विचारलं, की किती दिवस राहणार आहेस? मावशींनी मान खाली घातली. त्यांना भावजयीचं तोंड बघवलं नाही आणि मुलीचंही.

"राहायला नाही आले, काकू," चष्मेवाली म्हणाली. "घरी चाललेय. गाडीला वेळ आहे, म्हटलं मावशींना भेटून जावं."

भावजय निर्धास्त होऊन आत गेली, आणि तिच्यासाठी पावाचे दोन तुकडे भाजायला घेतले.

मावशी तिच्याजवळ सरकल्या. तीन रात्री कुठे होतीस, असं त्यांनी विचारलं नाही. तिच्या ओढणीला स्टेशनावरच्या बाकांसारखा वास येत होता. मावशींनी डोळ्यांनी घर मोजलं. खाटेखाली ट्रंका. स्वयंपाकघरात भाचा अंथरूण घालतो. पुढच्या खोलीत भाऊ-भावजय. चौतीस वर्षं त्यांनी दीडशे खाटांच्या इमारतीत जागा काढली होती; पंधरा झाल्या तेव्हाही गाद्या टाकून काढली होती. इथे त्यांना एका मुलीपुरती काढता येईना. इथली जागा त्यांची नव्हती.

त्यांनी खाटेखालून पिशवी ओढली, फडकं सोडलं आणि कडी तिच्या हातात दिली. चार स्क्रू कागदाच्या पुडीत वेगळे होते.

चष्मेवालीनं कडी ओळखली. खालच्या बाजूला एके ठिकाणी रंग घासून पितळ उघडं झालं होतं, ते तिच्याच बोटांनी. तिनं ती एकदा सरकवून पाहिली, पुढे, मागे.

"तुझ्या खोलीला बसव," मावशी म्हणाल्या. "पेचकस कुणाकडेही मिळेल."

मुलीनं चष्मा काढला नाही, पुसला नाही. सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "पेच फिरवतानाही आवाज होईल, मावशी. मग कशाला बसवतेस म्हणून विचारतील."

भावजयीनं भाजलेला पाव आणि चहा आणून ठेवला. चष्मेवालीनं तो नीट, सावकाश खाल्ला, बोटाला लागलेले कण टिपून घेतले, बशी विसळून ठेवली. कडी तिनं परत दिली नाही. कपड्यांच्या तळाशी घातली, पुडी हातरुमालाच्या गाठीत बांधली. मग मावशींच्या पायथ्याशी, घरातली सगळी माणसं होत तशी, किंचित तिरकी होऊन दाराकडे गेली.

मावशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मुलींची पावलं त्यांना कायम न बघता कळत. पहिला जिना ती भराभर उतरली. खालच्या वळणावर पावलं थांबली. मावशींचा हात दाराच्या चौकटीवर होता, आणि हाक अगदी ओठांवर आली होती. मागून भावजय विचारत होती, वन्सं, दार लावून घेऊ का, धूळ येते.

पावलं थोडा वेळ तिथेच होती. मग निघाली, आता सावकाश, आणि खालचं दार लागल्याचा आवाज आला.

"लाव," मावशी म्हणाल्या.